साठाव्या दिवसाचा विस्तव

१

लेम्पी हाताया हिची तक्रार अशी होती, की दवाखान्याने तिच्याकडे पैसे मागितलेच नाहीत.

व्हर्ना ट्रेव्हॅरोने चष्मा कपाळावरून खाली ओढला. तीस वर्षं तिने रुग्णालयाच्या बिलांच्या खिडकीत काढली होती, आणि निवृत्तीनंतरची सहा वर्षं सुपीरियर सरोवराजवळच्या कोइवुला गावच्या ज्येष्ठ नागरिक केंद्रात, कॉफीच्या यंत्राशेजारच्या टेबलाशी. दर मंगळवारी नि गुरुवारी म्हातारी माणसं सरकारी विम्याची पत्रं घेऊन तिच्याकडे येत. रडगाणं सगळ्यांचं एकच, आम्हाला जास्त लावले. कमी लावले म्हणून जाब विचारायला आलेलं माणूस ती आज पहिल्यांदा पाहत होती.

"हे बघ," लेम्पीने कागद टेबलावर सरळ केला. सत्त्याहत्तर वर्षांची, काडीसारखी बारीक, ताठ बाई. "माझा आर्वो ऑक्टोबरात हृदयासाठी भरती झाला, तेव्हा आम्ही डिडक्टिबल भरलं. जानेवारीत परत भरती झाला, दोन दिवसांनी गेला. या वेळचं डिडक्टिबल कुणी मागितलंच नाही. मुलगी म्हणते, नवं वर्ष लागलं म्हणजे नवं डिडक्टिबल. मला फुकटचं नको."

"वर्षाचा काही संबंध नाही, लेम्पी. सरकार फेरे मोजतं." हे व्हर्नाने आजवर हजारदा सांगितलं असेल. "दवाखान्यात भरती झालं, की सरकारने खिशात हात घालायच्या आधी आपण जी पहिली रक्कम भरायची, ते डिडक्टिबल. ते भरलं की एक फेरा सुरू. तुमच्या सौनाच्या चुलीसारखं. काडी एकदाच ओढायची. घरी सोडल्यापासून सलग साठ दिवस दवाखान्याच्या खाटेला पाठ लागली नाही, तर विस्तव विझला. पुढच्या भरतीला नवी काडी, नवं डिडक्टिबल. साठ दिवसांच्या आत परत जावं लागलं, तर विस्तव जिवंत आहे. नवी काडी नको."

सौनाचं, त्या वाफेच्या न्हाणीचं, नाव निघताच लेम्पीने कोटाची कॉलर घट्ट धरली. ते व्हर्नाच्या नजरेतून सुटलं नाही.

"ऑक्टोबरात घरी कधी सोडलं?"

"सहा तारखेला. आणि परत नेला नऊ जानेवारीला."

व्हर्नाने भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवत मोजलं. पंचाण्णव दिवस. म्हणजे विस्तव केव्हाच विझलेला. डिडक्टिबल मागायलाच हवं होतं. तिने कागद पुन्हा वाचला. एका ओळीत स्वच्छ छापलं होतं: 'या फेऱ्याचं डिडक्टिबल आधीच भरलेलं आहे.'

"चूक झाली असेल ना त्यांची?" लेम्पीने विचारलं.

"तीस वर्षांत त्यांच्या चुका मी पुष्कळ पाहिल्या. झाडून सगळ्या त्यांच्याच फायद्याच्या असतात." व्हर्ना हळूच म्हणाली, "लेम्पी, मध्ये कुणीतरी लाकूड घातलंय. साठ दिवस पुरे व्हायच्या आत तुमचा नवरा आणखी एकदा कुठल्यातरी दवाखान्यात भरती झाला होता."

लेम्पीने कागद उलटा करून पाहिला. मग इतक्या हलक्या आवाजात बोलली, की व्हर्नाला पुढे वाकावं लागलं.

"आणि दर शनिवारी माझा सौना कोण पेटवतं, ते लिहिलंय का कुठे या कागदात?"

२

आर्वो गेल्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी ते सुरू झालं. शनिवारी दुपारी लेम्पी चर्चमध्ये बायकांबरोबर चिंध्यांच्या सतरंज्या विणायला जायची. चारला परत येऊन पाहते, तर तळ्याकाठच्या सौनाच्या धुराड्यातून धूर. बावन्न वर्षं दर शनिवारी ती चूल आर्वो पेटवत आला होता. लेम्पीने एकदाही काडी ओढली नव्हती. घरात वाटणीच तशी होती.

"एकदा दार उघडलं मी. चूल धगधगत होती. दोन बादल्या भरलेल्या. ओगराळं बादलीवर पालथं, आर्वो ठेवायचा तसंच. शेवटचं ओगराळंभर पाणी सौनातल्या तोन्तूसाठी ठेवायचं, ही त्याच्या आजोबांची रीत. तोन्तू म्हणजे सौनाचा अदृश्य राखणदार, म्हणतात. घरापासून सौनापर्यंत बर्फावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. दार लोटलं आणि पळत घरी आले. तेव्हापासून बाथटबमध्ये अंग विसळते."

"कुणाला सांगितलंत?"

"एलेनला. माझ्या मुलीला. तीच चूक झाली. शनिवारी येतेय ती, पाचशे मैल गाडी हाकत. म्हणते, आई, तुझं डोकं ठिकाणावर नाही. स्मृती गेलेल्या माणसांना ठेवतात, तिथे जागा बघून ठेवलीये. सही केली की मला नेणार. व्हर्ना, मला वेड लागलं असेल तर लागू दे. पण आधी खात्री कर. मी माझ्या घरातून चुकून जायला नको."

सरकारी फोनवर तीन तास संगीत ऐकून लेम्पीच्या पदरात एवढंच पडलं होतं, की मेलेल्या नवऱ्याचे कागद हवे असतील तर अर्ज करा, सहा आठवडे लागतील. हातात दोन दिवस होते.

त्या संध्याकाळी व्हर्ना घरी गेली तरी लेम्पी तिच्या डोक्यातून जाईना. मेलेल्या माणसांच्या नावे किती पत्रं आपल्या हातून गेली, याचा हिशोब तिने कधी ठेवला नव्हता. पण विधवा बायका ती पत्रं घेऊन खिडकीशी यायच्या, पाकिटावरच्या नावावर बोट ठेवून उभ्या राहायच्या, ते तिला अजून दिसे. आज मात्र पहिल्यांदाच एखादं पत्र काहीतरी सांगायला आलंय असं तिला वाटलं.

३

शुक्रवारी सकाळी दोघी सौनात शिरल्या. लेम्पी उंबऱ्याशीच थांबली.

कपडे बदलायच्या खोलीत धूर नि बर्चच्या सालीचा वास कोंडला होता. खुंटीवर आर्वोचा पंचा तसाच. शेजारी करड्या रंगाच्या मोज्यांचा जोड.

"ते त्या बाईने दिलेत," लेम्पी बाहेरूनच म्हणाली.

"कुठल्या बाईने?"

"तेच तर मला माहीत नाही." आणि मग लेम्पीने मनातली मळमळ बाहेर काढली. नोव्हेंबरच्या पंधरा तारखेला, हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडला त्या दिवशी, आर्वो त्याचा जन्माचा दोस्त रेइनो कोक्को याच्याबरोबर रानातल्या झोपडीवर गेला. आठ दिवसांनी परत आला तो हरणाविना, आणि गुळगुळीत दाढी करून. "शिकारीला जाऊन दाढी कोण करतं? आणि त्यानंतर तीन शनिवार तो सौनात एकटा गेला. बावन्न वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, मी येते. म्हणाला, सर्दी आहे, तुला लागेल. अंगाला कुणाचा तरी वास होता, म्हणून मला आत येऊ दिलं नाही. चौथ्या शनिवारी ख्रिसमसचं झाड स्वतः तोडून आणलं, ओढत, धापा टाकत, आणि म्हणाला, चल, सौनात जाऊ. जसं काही घडलंच नव्हतं."

"आणि तुम्ही विचारलं नाहीत?"

"आम्ही फिन लोक. विचारत नाही आम्ही."

व्हर्नाने मोजे उलटेपालटे केले. तळव्याला रबराचे ठिपके होते. वरच्या बाजूलाही होते. तिने ते काही न बोलता परत खुंटीला लावले.

मग ती सौनाला वळसा घालून तळ्याच्या बाजूला गेली. त्या अंगाला लेम्पी गेलीच नव्हती. गोठलेल्या तळ्यावरून दोन बारीक समांतर चाकोऱ्या येत होत्या, वाऱ्याने अर्ध्या बुजलेल्या, आणि सौनाच्या मागच्या ओट्याशी संपत होत्या.

"लेम्पी, आर्वोला स्की येत होतं?"

"आर्वोला? ऑक्टोबरपासून त्याला जिना चढवत नव्हता." लेम्पी जागची हलली नाही. "का गं? काय दिसलं तिकडे?"

४

गावात बेकरी एकच, इर्मा रान्ताची. लेम्पीच्या मनातली 'ती बाई' कुणी असेल तर इर्माच, असं गावातल्या कुठल्याही शहाण्याने सांगितलं असतं. तीनदा विधवा झालेली, आणि चौथ्याला तयार.

"आर्वो हाताया?" इर्माने वेलदोड्याच्या पावाची लादी सुरीने कापली. या पावाला इथे निसू म्हणतात. "देखणा होता. पण मेला बायकोच्या पुढे बघायचा नाही. मी काय कमी प्रयत्न केले?"

"शेवटचा कधी दिसला तुला?"

"शिकारीच्या पहिल्या दिवशी, पहाटे सहाला. तो नि रेइनो आले. रेइनोने दोन लाद्या घेतल्या आणि तिथेच उभ्याने खायला लागला. आर्वोपुढे मी कॉफी ठेवली, तर म्हणतो, आज काही नको. पाव नको, कॉफी नको, पाणीसुद्धा नको. मी म्हटलं, अरे, शिकारीला निघालास की प्रार्थनेला—" व्हर्नाने तिला मध्येच तोडलं.

"पाणीसुद्धा नको म्हणाला?"

"ओठ कोरडे पडले होते बिचाऱ्याचे. शिकारीला जाताना उपास कोण करतं, सांग?"

व्हर्नाने एक लादी बांधून घेतली. उपाशीपोटी, पाण्याचा घोटही न घेता पहाटे घर सोडणारी माणसं तिने तीस वर्षं पाहिली होती. ती सगळी तिच्या खिडकीसमोरून एकाच दिशेला जायची.

५

रेइनो कोक्कोचं घर तळ्याच्या पलीकडच्या काठाला. ओसरीवर स्की उभ्या होत्या, तळाला नवं मेण लावलेल्या.

रेइनो ऐंशीला टेकलेला, बोलण्यात भलताच काटकसरी. त्याने व्हर्नाला खुर्ची दाखवली, कॉफी ठेवली आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसला.

"मिस्टर कोक्को, शिकार कशी झाली होती?"

"झाली नाही."

"आर्वोबरोबर भांडण?"

"नाही."

"मग अंत्यविधीपासून लेम्पीच्या दारात पाऊल का नाही टाकलंत?"

यावर नुसतं घड्याळ वाजत राहिलं. व्हर्नाच्या लक्षात आलं, की हा माणूस खोटं बोलत नाही. तो शब्द पाळतोय.

"बरं," ती म्हणाली. "तुम्ही काही सांगू नका. कुणाला दिलेला शब्द मोडायला लावणारी मी नव्हे. मी बोलते. जिथे खोटं असेल तिथे फक्त 'नाही' म्हणा."

रेइनोने तिच्याकडे पाहिलं आणि कॉफी ओतली.

"तुम्ही झोपडीवर गेलाच नाहीत. बेकरीतून निघालात ते थेट दीडशे मैलांवरच्या मोठ्या रुग्णालयात."

रेइनो गप्प.

"आर्वोच्या छातीची शस्त्रक्रिया व्हायची होती, म्हणून तो उपाशी होता. आधी जांघेतून नळी घालून तपासणी झाली. तिथे रक्त साकळलं, मांडी काळीनिळी झाली. त्यापायी आठ दिवस ठेवून घेतलं. घरी आल्यावर ती मांडी बायकोला दिसू नये, म्हणून तीन शनिवार तो एकटा सौनात गेला."

रेइनोने साखरेचा खडा बशीत गोल फिरवला.

"पण छाती उघडलीच नाही. उघडली असती तर महिन्याभरात त्याला झाड तोडता आलं नसतं. डॉक्टर म्हणाले असणार, हे हृदय शस्त्रक्रिया सोसणार नाही. घरी जा. फार दिवस नाहीत."

रेइनोच्या डोळ्यांच्या कडा लाल झाल्या, पण ओठ मिटलेलेच.

"आणि हे सगळं त्याने लपवलं, कारण त्याचं दुसऱ्या बाईशी काहीतरी होतं."

"नाही!" रेइनो ताडकन उठला. कप कलंडला, कॉफी मेजावरून जमिनीवर गळायला लागली. "नाही, नाही! तोंड धुवा तुमचं!"

"मला तेवढंच ऐकायचं होतं," व्हर्ना म्हणाली आणि फडकं शोधायला लागली.

गाडीत बसल्यावर एक गोष्ट तिला टोचायला लागली. आठ दिवस भरती झालेल्या माणसाचं एकही बिल घरी आलं नाही. डिडक्टिबल ऑक्टोबरातच भरलेलं, डॉक्टरांचा वाटा जोडविम्याने दिलेला. तेव्हा मागणीच निघाली नाही आणि गुपित टिकलं. हे नशीब म्हणावं, तर जरा जास्तच नीटनेटकं होतं. आर्वो साधा लाकूडतोड्या. साठ दिवसांचं हे गणित त्याला कुणी शिकवलं?

तिने गाडी वळवली, केंद्राचं कुलूप उघडलं आणि आपली वही काढली. नोव्हेंबर, नऊ तारीख, मंगळवार. तिच्याच अक्षरात: 'पुरुष, वय एकोणऐंशी. साठ दिवसांच्या आत दुसऱ्या दवाखान्यात भरती झाल्यास डिडक्टिबल पुन्हा? नाही.'

टोपी कपाळावर ओढलेला एक म्हातारा तिला आठवला. "म्हणजे घरी बिल येणार नाही?" त्याने विचारलं होतं. आणि ती हसत म्हणाली होती, "नुसतं माहितीचं पत्र येईल. चुलीत घाला हवं तर."

व्हर्ना त्या थंड खोलीत कोट न काढता बसून राहिली. शिकवणारी तीच होती.

६

शनिवारी व्हर्नाच्या सांगण्यावरून लेम्पीची गाडी चर्चसमोर उभी होती, ती विणायला गेलीये असं बघणाऱ्याला वाटावं म्हणून, आणि लेम्पी स्वतःच्या स्वयंपाकघरात. एलेन कोट घालूनच बसलेली. हातात रंगीत पुस्तिका, वर हसणाऱ्या म्हाताऱ्यांचा फोटो.

व्हर्नाने सगळं सांगितलं. पंचाण्णव दिवस आणि न मागितलेलं डिडक्टिबल. चाळिसाव्या दिवशी, पंधरा नोव्हेंबरला, आर्वोने विस्तवात लाकूड घातलं. तिथून सुटल्यावर साठ दिवस व्हायच्या आत जानेवारी आला, म्हणून फेरा तोच राहिला. दोन्ही बाजूंना ठिपके असलेले मोजे फक्त दवाखान्यात देतात, रुग्ण घसरू नये म्हणून. दाढीही तिथल्याच न्हाव्याची. आपली वहीसुद्धा तिने उघडून दाखवली. "चुलीत घाला, असं मीच म्हणाले होते. त्याने घातलं असणार. लेम्पी, मला माफ करा."

लेम्पीने वहीतल्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

"तुम्ही सुतावरून स्वर्ग गाठताय," एलेन म्हणाली. पण आवाजात आधीचा जोर नव्हता. "बाबा आजारी होते, ठीक आहे. पण मेलेला माणूस चूल पेटवतो, असं आई म्हणते, त्याचं काय?"

"खिडकीतून बघ," व्हर्ना म्हणाली.

सौनाच्या धुराड्यातून निळसर धूर वर चढत होता. एलेनच्या हातातली पुस्तिका खाली पडली. लेम्पी मात्र उठली, शाल घेतली आणि एकटीच बर्फातून चालायला लागली. बाकीच्या दोघी तिच्या मागे धावल्या.

रेइनो चुलीपुढे गुडघे टेकून बसला होता. दार उघडताच त्याने चोरासारखी मान खाली घातली.

"तू?" लेम्पी म्हणाली. "रेइनो, दोन महिने मी या दारापासून पळतेय! माझी पोर मला वेड्यांत काढायला निघालीये!"

"त्याने सांगितलं होतं," रेइनो अडखळत म्हणाला. "म्हणाला, ती स्वतः कधी पेटवणार नाही, थंडीत बसून राहील. उन्हाळा लागेपर्यंत दर शनिवारी तू पेटव. ओगराळं पालथं ठेव. आणि म्हणाला, तिला काही सांगू नकोस."

"काय सांगू नकोस?"

"ते त्याने नीट सांगितलं नाही. म्हणून मी काहीच सांगितलं नाही."

एलेन आधी हसली, मग हुंदका आवरता न येऊन भिंतीला टेकली.

"का लपवलंन माझ्यापासून?" लेम्पीने विचारलं. "आता मुदत संपली तुझ्या शब्दाची. बोल."

रेइनोने टोपी हातात चुरगाळली. आयुष्यात एका दमात तो इतकं कधी बोलला नव्हता. "म्हणाला, एक ख्रिसमस हवाय. तिला कळलं तर ती माझ्याकडे बघेल आणि तिला मेलेला माणूस दिसेल. मला तिने आर्वोकडे बघायला हवंय."

"मूर्ख," लेम्पी म्हणाली. "बावन्न वर्षांचा मूर्ख. मी त्याच्यावर संशय घेत बसले, रेइनो. तो माझ्या शेजारी मरत होता आणि मी त्याच्या मोज्यांचा राग धरून बसले." ती बाकावर बसली आणि तोंडावर शाल धरून मोकळेपणी रडली. तिला कुणी थांबवलं नाही.

या सगळ्या बोलण्यात चुलीकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही. ज्वाळा बसली, नुसते निखारे उरले. रेइनो लाकडाला हात घालणार तोच लेम्पीने त्याला अडवलं.

"व्हर्ना, तो अकरा जानेवारीला गेला. आज बारा मार्च. मोज."

व्हर्नाने बोटांवर मोजलं. मग चुकायला नको म्हणून पुन्हा मोजलं. नियमाला तिने कधी एका दिवसाचीही सूट दिली नव्हती.

"साठ," ती म्हणाली. "आज साठावा दिवस."

"म्हणजे विझला नाही अजून."

"नाही, लेम्पी. आजच्या दिवस जिवंत आहे."

लेम्पी चुलीपुढे गुडघे टेकून बसली. बावन्न वर्षांत पहिल्यांदा तिने चुलीचं लोखंडी दार उघडलं, बर्चचं एक लाकूड निवडलं आणि निखाऱ्यांवर ठेवलं. साल तडतडली. एलेनने कोट काढून खुंटीला अडकवला, वडिलांच्या करड्या मोज्यांशेजारी, आणि पंचा कुठे असतो म्हणून आईला विचारलं.

सगळ्यांचं अंग धुऊन झाल्यावर लेम्पीने बादलीत एक ओगराळंभर पाणी मागे ठेवलं.